विमानातले मैल कुणाच्या खात्यात?

हल्ली मोबाइल उघडला की एखादा तरणाबांड पोरगा विमानातल्या पलंगवजा खुर्चीत पाय पसरून सांगत असतो, "हे तिकीट तीन लाखांचं आहे, मला पडलं बारा हजारांना!" मग कुठलं क्रेडिट कार्ड घ्यायचं, पॉइंट कुठून कुठे वळवायचे, कुठल्या शहरातून विमान धरायचं, हे सगळं तो समजावतो. असे व्हिडिओ आता मराठीतही आले आहेत. त्यातली माहिती बहुतेक वेळा खोटी नसते. पण ती ज्यांना सांगितली जाते ते लोक आणि पोटासाठी आयुष्यभर विमानात बसणारे लोक, यांची कधी गाठ पडत नाही.

'फ्रीक्वेंट फ्लायर' म्हणजे वारंवार विमानप्रवास करणारा. या अर्थाने महाराष्ट्रात हा मान कुणाला द्यायचा? माझं उत्तर ठरलेलं आहे. महाड, म्हसळा, श्रीवर्धन, खेड, चिपळूण अशा खाडीकाठच्या कुठल्याही मोहल्ल्यात जा. घरटी एक तरी माणूस दुबई, शारजा, मस्कत, दोहा, कुवेत नाहीतर जेद्दा करून आलेला असतो. त्याचा बाप बोटीने गेला होता. मुंबईहून आखाताला जाणारी 'द्वारका' १९८२ पर्यंत चालू होती. पुढची पिढी विमानात बसली आणि गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं बसतेच आहे. दोरीने आवळलेले खोके, ब्लँकेटचं गाठोडं, डब्यात भरलेलं सुकट-लोणचं घेऊन मुंबईच्या टर्मिनलवर पहाटे तीन वाजता उभी असलेली ही माणसं म्हणजे खरे फ्रीक्वेंट फ्लायर.

आता साधा हिशेब करू. मुंबई ते दुबई हवाई अंतर साधारण १,२०० मैल. वर्षातून एकदा सुट्टीवर येऊन परत जाणारा माणूस वर्षाला २,४०० मैल उडतो. पंचवीस वर्षांत ६० हजार. जेव्हा अंतरावर पॉइंट मिळायचे तेव्हा या मैलांत एखाद-दुसऱ्या जाण्या-येण्याच्या तिकिटाची सोय सहज झाली असती. गेल्या ईदला गावी नमाजनंतर गप्पा मारत बसलेल्या आठ-दहा जणांना मी विचारलं, "मामू, तुमचा मेंबर नंबर काय?" एकाने कंपनीच्या आयकार्डाचा नंबर सांगितला. दुसऱ्याने विचारलं, "त्याचे पैसे किती भरायचे?" सगळ्या घोळक्यात एकाच पोराचं खातं होतं, आणि तो दोहाला एका बँकेत कामाला आहे.

पैसे भरायचे नसतात. खातं फुकट उघडतं. तरीही ते उघडलं जात नाही, याला आळस हे कारण मला पटत नाही. आपल्या माणसाचं तिकीट तो स्वतः काढतच नाही. ते कंपनीचा पीआरओ काढतो नाहीतर गावचा ट्रॅव्हल एजंट. त्यांच्या हातात पासपोर्टची झेरॉक्स असते. मेंबर नंबरची रिकामी चौकट भरण्यात त्यांचा काही फायदा नसतो. वर ही तिकिटं सर्वांत स्वस्त दराची किंवा ग्रुपची असतात, आणि अशा भाड्यावर अनेक कंपन्या पॉइंट फार कमी देतात, कधी कधी देतच नाहीत.

कंपनीने काढलेल्या तिकिटाचे पॉइंट आपण घ्यावेत का, असं एका भाच्याने मला विचारलं होतं. प्रश्न वाटतो तितका भोळा नाही. २००२ मध्ये जर्मनीत सरकारी दौऱ्यांवर मिळालेले बोनस मैल खासगी सहलीला वापरले म्हणून ग्रेगोर गिझी यांनी बर्लिनचं मंत्रिपद सोडलं होतं आणि चेम ओझदेमिर यांनाही पायउतार व्हावं लागलं होतं. पण ते जनतेच्या पैशावरचे कामाचे दौरे होते. आखातातल्या कामगाराचं सुट्टीचं तिकीट त्याच्या करारात लिहिलेलं असतं, म्हणजे तो त्याच्या मजुरीचाच भाग. आणि बहुतेक विमान कंपन्यांचा नियमही हाच आहे की पैसे कुणीही भरोत, पॉइंट खुर्चीत बसलेल्याचे.

त्यात नावाचा घोळ आहे, आणि तो खास आपला आहे. पासपोर्टवर 'शेख मोहम्मद युसूफ', तिकिटावर 'युसूफ मोहम्मद शेख', खात्यावर 'मोहद. युसूफ'. माणूस तोच, पण संगणकाच्या लेखी तिघेजण. इंग्रजी स्पेलिंग तर विचारूच नका. मोहम्मद हे एकच नाव आपल्या एका घरात चार प्रकारे लिहिलेलं सापडेल. शिवाय आडनाव नसलेले पासपोर्ट आहेतच. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमिरातीने पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना व्हिजिट आणि टुरिस्ट व्हिसावर प्रवेश नाकारायचं ठरवलं, तेव्हा कितीतरी घरांत धावपळ झाली होती. पॉइंटच्या बाबतीत इतकी धावपळ होत नाही, ते फक्त गुपचूप जमा होत नाहीत. म्हणून खातं उघडताना नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमाने, त्याच स्पेलिंगने भरायचं. प्रवास होऊन गेला असेल तरी काही महिन्यांच्या आत बोर्डिंग पास आणि तिकीट नंबर दाखवून पॉइंट मागता येतात. बोर्डिंग पास घरी पोचेपर्यंत फाडून फेकू नका, एवढं तरी करा.

पॉइंट ही वस्तू नक्की काय आहे, तेही एकदा समजून घेतलं पाहिजे. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी 'ॲडव्हांटेज' नावाची योजना काढली आणि काही दिवसांतच युनायटेडने तिची री ओढली. रिकाम्या खुर्च्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला देऊन त्याला बांधून ठेवायचं, एवढाच तेव्हा हेतू होता. आज हा धंदा उलटा झाला आहे. कंपन्या पॉइंट बँकांना विकतात, बँका ते कार्डवाल्यांना वाटतात. डेल्टाला २०२३ मध्ये एकट्या अमेरिकन एक्स्प्रेसकडून ६८० कोटी डॉलर मिळाले. २०२० मध्ये करोनाने विमानं जमिनीवर आणली, तेव्हा युनायटेडने आपली पॉइंट योजना तारण ठेवून तेवढंच, ६८० कोटी डॉलरचं, कर्ज उभं केलं. ज्या कंपनीची विमानं उडत नव्हती, तिच्या पॉइंटवर सावकार विश्वास ठेवत होते!

थोडक्यात पॉइंट हे चलन आहे. फक्त ते छापणारा, त्याचा भाव ठरवणारा आणि ते परत घेणारा एकच असतो. आपल्या रुपयावर रिझर्व्ह बँक तरी आहे, या चलनावर कुणी नाही. डेल्टाने २०१५ मध्ये 'अमुक प्रवासाला अमुक मैल' हा तक्ताच काढून टाकला. एअर इंडियाने एप्रिल २०२४ पासून अंतराऐवजी खर्चावर पॉइंट द्यायला सुरुवात केली. विस्ताराचे पॉइंट नोव्हेंबर २०२४ च्या विलीनीकरणात एअर इंडियात एकास एक आले, ही चांगली गोष्ट. पण २०१२ मध्ये किंगफिशर बंद पडली, १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेट एअरवेजचं शेवटचं विमान उतरलं. जेटची पॉइंट योजना वेगळ्या कंपनीत होती म्हणून पॉइंट वाचले, पुढे 'इंटरमाइल्स' झाले. पण ज्या विमानात बसायला ते जमवले होते, ती विमानंच राहिली नाहीत. अंतराऐवजी खर्चावर पॉइंट, या बदलाचा अर्थही नीट पाहा. स्वस्त तिकिटावर लांब जाणाऱ्याचे पॉइंट घटले, महाग तिकिटावर जवळ जाणाऱ्याचे वाढले. म्हणजे खोकेवाल्याचे गेले आणि सूटकेसवाल्याला मिळाले.

एमिरेट्सचे मैल तीन वर्षांनी, तुमच्या जन्ममहिन्याच्या अखेरीस बाद होतात. आपल्या जुन्या माणसांच्या पासपोर्टवर जन्मतारीख बहुधा १ जून असते, शाळेच्या गुरुजींनी घातलेली. कुठल्या महिन्यात मैल बुडणार हेही त्या गुरुजींनीच ठरवून ठेवलं, असं गमतीने म्हणायचं.

आता त्या पलंगावरच्या पोराकडे येऊ. तो म्हणतो, 'बेस्ट व्हॅल्यू' बिझनेस क्लासमध्येच. त्याचं गणित असं: समजा मुंबई-दुबई जाण्या-येण्याचं साधं तिकीट २४ हजारांचं आहे आणि ते ३० हजार पॉइंट अधिक ६ हजार रुपये कर देऊन मिळतं. म्हणजे १८ हजार वाचले, भागिले ३० हजार पॉइंट, एका पॉइंटची किंमत ६० पैसे. तेच बिझनेस क्लासचं तिकीट समजा ९० हजारांचं, आणि ते ६० हजार पॉइंट अधिक ८ हजार रुपयांत मिळतं. वाचले ८२ हजार, भागिले ६० हजार, म्हणजे पॉइंटला जवळपास १ रुपया ३७ पैसे. दुपटीहून जास्त! गणितात चूक नाही.

चूक गृहीतकात आहे. तुम्ही ९० हजारांचं तिकीट कधी काढणार होता का? नव्हता. तुम्ही २४ हजारांचंच काढणार होता. मग तुमचे वाचले २४ वजा ८, म्हणजे १६ हजार, आणि त्यासाठी गेले ६० हजार पॉइंट. एका पॉइंटला २७ पैसेसुद्धा पडले नाहीत. उरलेला रुपया आहे तो व्हिडिओतला. जो माणूस एरवीही बिझनेस क्लासने जातो त्याच्यासाठी तो खरा आहे. सात-आठ बायका-पोरांचं कुटुंब सांभाळणाऱ्यासाठी तो कागदी आहे. आयुष्यात एकदा अम्मी-अब्बांना आडवं झोपवून न्यायचं असेल, गुडघे दुखत असतील, तर जरूर न्या. त्याला मी हौस म्हणेन, आणि हौसेला मोल असतं. फक्त तिला बचत म्हणू नका.

म्हणून माझी फूटपट्टी एकच. जे पैसे खिशातून नक्की जाणार होते ते किती वाचले, त्यातून कर आणि अधिभार वजा करा, मग पॉइंटने भागा. हे गणित प्रत्येक वेळी करा, कारण पॉइंटचं तिकीट फुकट नसतं. विमानतळाचे कर सुटत नाहीत आणि काही कंपन्या स्वतःचा अधिभारही लावतात, जो कधी कधी अर्ध्या तिकिटाइतका होतो. ऑफ सीझनमध्ये स्वस्त सेल लागलेला असताना पॉइंट वापरणं म्हणजे सोनं देऊन कोळसा घेणं. तेव्हा रोख द्या, पॉइंट मिळवा. पॉइंट देऊन मिक्सर, इअरफोन किंवा खरेदीचं व्हाउचर घेणं तर त्याहून वाईट. तिथे पॉइंटला बहुधा सगळ्यात कमी भाव मिळतो. आणि तिकिटाला दोन-चारशे कमी पडत असतील तेवढं सोडून पॉइंट विकत घेऊ नका, कितीही टक्के बोनसची जाहिरात आली तरी.

तिकिटाचे दर सर्वांत जास्त भडकतात ते ईदच्या आठवड्यात आणि जुलै-ऑगस्टमध्ये, आखातातल्या शाळांना सुट्टी लागते तेव्हा. केरळचे खासदार हा प्रश्न वर्षानुवर्षं संसदेत मांडत आले आहेत. कोकणातल्या कुणी तो तितक्या नेटाने मांडल्याचं मला आठवत नाही. अशा दिवसांत पॉइंटचा भाव खरा चढतो, पण त्या तारखांच्या पॉइंटवरच्या खुर्च्या मोजक्याच आणि त्या महिनोन् महिने आधी उडतात. सुट्टीची तारीख साहेबाने मंजूर करेपर्यंत काहीच हाती उरत नाही. इथे नोकरीतलं स्थानच आड येतं, अक्कल नाही.

दरवर्षी रमजान जवळ आला की मला एक प्रश्न हमखास येतो: पॉइंटच्या तिकिटावर उमरा केला तर चालेल का? मी मुफ्ती नाही, फतवा देणार नाही. मला पैशाचा माग तेवढा सांगता येतो. विमानात बसून मिळालेले पॉइंट एक गोष्ट आणि क्रेडिट कार्डावर मिळालेले दुसरी. कार्डाचे पॉइंट येतात दुकानदाराकडून कापलेल्या शुल्कातून आणि बिल पूर्ण न भरू शकलेल्यांच्या व्याजातून. हे व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात, वर्षाला चाळीसच्या पुढे जातं. ३० टक्क्यांवरचं व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा आहे असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. म्हणजे तुमच्या पलंगवजा खुर्चीचे थोडे पैसे कुण्या अडलेल्या माणसाच्या हप्त्यातून आलेले असतात. हे नमाजी माणसाला खटकावं आणि नमाज न पढणाऱ्यालाही. आणि तो अडलेला माणूस तुम्हीच असाल, तर दोन टक्के पॉइंटसाठी चाळीस टक्के व्याज भरणं हा हिशेब दुसरीतल्या पोरालाही कळेल.

मग आखातातल्या माणसाने पॉइंट कशासाठी राखावेत? माझ्या मते एकाच दिवसासाठी, जो दिवस कुणालाच नको असतो. रात्री दोनला गावाहून फोन येतो, अब्बा गेले. आपल्याकडे मय्यत ठेवत नाहीत. बहुतेक वेळा दुसऱ्या जोहरपर्यंत दफन होतं. सहा-सात तासांनी निघणारं विमान समोर दिसत असतं, भाडं तिप्पट झालेलं असतं, महिन्याची वीस तारीख असते आणि पगार घरी पाठवून झालेला असतो. चार रूममेटकडून उसने गोळा करेपर्यंत विमान निघून जातं. किती जणांनी बापाला माती दिली नाही, फक्त व्हिडिओ कॉलवर कबर पाहिली, ते मोहल्ल्यात विचारून बघा. खर्चावर किंवा रोजच्या दरावर चालणाऱ्या योजनांत पॉइंटचा आकडाही अशा वेळी चढतो. पण जिथे अजून अंतरावर ठरलेला तक्ता आहे, तिथे उद्याचं तिकीट आणि सहा महिन्यांनंतरचं तिकीट साधारण त्याच पॉइंटला मिळतं, खुर्ची शिल्लक असेल तर. काही कंपन्या न विकल्या गेलेल्या खुर्च्या शेवटच्या दिवसांत पॉइंटवाल्यांना खुल्याही करतात. इथे एका पॉइंटला किती पैसे पडले ते कुणी मोजत बसत नाही.

मघाशी मी म्हणालो की हे चलन सडतं, ते साठवू नका. ते अजूनही खरं आहे. म्हणून एका बाजूचं, घरी येण्याचं एक तिकीट निघेल एवढेच पॉइंट बाजूला ठेवायचे. बऱ्याच योजनांत एकेरी तिकीट मिळतं. त्याच्यावरचे झाले की बायकोला तिकडे बोलवा, आईला फिरवून आणा, उमऱ्याला जायचं तर जा. वाट पाहून भाव वाढत नाही.

हे पॉइंट तीन-चार खात्यांत विखुरण्यापेक्षा ज्या मार्गावर आपण नेहमी जातो त्याच मार्गावरची एक योजना धरावी आणि तिथे कुटुंबाचं एकत्र खातं मिळत असेल तर बायको-मुलांनाही त्यात घ्यावं. स्वस्त कंपन्याही आता यात उतरल्या आहेत. इंडिगोने इतक्या वर्षांनी २०२४ मध्ये 'ब्लूचिप' काढलं, फ्लायदुबईच्या प्रवासावर एमिरेट्सचेच मैल मिळतात. बायकांची खाती उघडा, हे मी मुद्दाम सांगतो. नवरा पॉइंटचा मालक आणि बायको त्याची 'डिपेंडंट', हे दरवेळी व्हिसाच्या कागदावर असतंच; पॉइंटच्या खात्यात तरी तिचं स्वतःचं नाव असू दे. अनेक योजनांच्या नियमावलीत सभासद वारला की खातं बंद आणि पॉइंट रद्द असं लिहिलेलं असतं. काही कंपन्या कागदपत्रं पाहून वारसाला देतात, पण त्यासाठी घरात कुणाला तरी ते खातं आहे हे माहीत तर हवं.

गावच्या एजंटलाही एक सांगणं आहे. तो आपलाच माणूस असतो, पासपोर्ट ते प्रोटेक्टरचा शिक्का सगळं तोच बघतो. त्याने तिकीट काढताना ती एक रिकामी चौकट भरली तर त्याचं अर्धं मिनिट जातं. नव्याने जाणाऱ्या पोराचं पहिलं तिकीट काढतानाच त्याचं खातं उघडून द्यावं, नंबर पासपोर्टच्या कव्हरवर पेनाने लिहून द्यावा.

आणि जे इकामा संपवून, फायनल एक्झिट घेऊन कायमचे घरी येणार आहेत, त्यांच्यासाठी. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर बहुधा तिकडचा असतो. ते सिम बंद झालं की ओटीपी त्याच नंबरवर जात राहतो आणि पॉइंट दिसत असूनही हाती लागत नाहीत. विमानात बसायच्या आधी, तिकडचं सिम चालू असतानाच, खात्यावर घरचा नंबर आणि स्वतःचा ईमेल टाकून घ्या. ईमेल कंपनीचा असेल तर तोही बदला.